शिळी अळंबी

श्रीमंतराव गाडेकरांना अळंबीचं वेड होतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर बसतात, नाहीतर सुनेच्या कामात नाक खुपसतात. हे मात्र पावसाळ्यातल्या रविवारी शेजारच्या नूरुद्दीनला स्कूटरवर मागे बसवून भिंगारहून डोंगरगणच्या बाजूला अळंबी उगवणारी वारुळं धुंडाळायला निघत. पोटासाठी नव्हे, नुसती हौस. गवत बाजूला सारायचं काम नूरुद्दीनचं आणि अळंबी ओळखायचं श्रीमंतरावांचं. देठाला कडं दिसलं किंवा बुडाशी पिशवीसारखं काही असलं, की ते तिला विषारी म्हणून लाथेनं उडवून लावत. या विद्येचा त्यांना भारी तोरा होता.

घरी आणल्यावरची रीत ठरलेली. बायको गोजरबाई सगळी अळंबी निवडून धुवायची आणि नूरुद्दीनचा अर्धा वाटा स्टीलच्या डब्यात भरून शेजारी पोचवायची. स्वतःच्या घरची मात्र फ्रिजमध्ये. "आज वांगं करून ठिवलंय, उद्या करते." कधी तिचं डोकं दुखायचं, कधी सकाळची भाजी उरलेली असायची. दुसऱ्या दिवशी ती शेजारून डबा घेऊन यायची आणि मग दुपारी भाजी चुलीवर चढायची.

अळंबी ही त्याच दिवशी खायची चीज. रात्र ओलांडली की काळवंडते, लिबलिबीत होते. नूरुद्दीन रस्त्यात भेटला की बोटं चाटल्यासारखं करून सांगायचा, "काय चव हुती राव! मटनानं झक मारावी." श्रीमंतराव मान डोलवत आणि आतल्या आत चरफडत. वेचायची आपण, ओळखायची आपण, आणि ताजी कुणी खायची, तर शेजाऱ्यानं! बायको आळशी, असं ठरवून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. तीच आळशी बाई सोमवारी चहासुद्धा न घेता डब्यासाठी शेजारी धावायची, तेव्हा नूरुद्दीनच्या बायकोवर, मुबारकबीवर, हिचा केवढा जीव, असं त्यांना वाटायचं.

त्या सोमवारी गोजरबाई रिकाम्या हातानं परतली. चपला न काढता स्वयंपाकघरात शिरली, फ्रिजमधली अळंबी काढली आणि कचऱ्याच्या बादलीत उपडी केली.

"अगं, काय करतीस?"

"नूरभाईंना रातच्याला जुलाब लागल्यात. उलट्या बी झाल्या म्हनं. आपलं नशीब, आपन खाल्ली न्हाई."

श्रीमंतराव ताडकन उठले. "दवाखान्यात नेलं का त्याला? अळंबीचं सांगितलंस का तिथं?"

"मी कशाला सांगू? मी दारातनंच माघारी फिरले. उद्या काय झालं तर आपल्यावर यायचं."

ती सगळी डोकेदुखी, ती सगळी उरलेली वांगी श्रीमंतरावांना एकदम आठवली.

"म्हंजी दर बारीला तू आधी त्यांना खाऊ घालत हुतीस?"

"मग? घरात नातवंडं हायत. तुमचं मोतीबिंदूचं आप्रेशन झाल्यापास्नं माझा भरवसा न्हाई. नको म्हनलं असतं, तर आठवडाभर तोंड फुगवून बसला असता तुमी!"

श्रीमंतराव अनवाणीच शेजारी पळाले.

नूरुद्दीन बाजेवर बसून लिंबूपाणी पीत होता. चेहरा उतरलेला, पण हसत होता. "काय न्हाई ओ. रातच्याला लग्नात गेल्तो, तिथं मटनाचा दालचा हाणला पोट फुटंस्तवर. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, आता बरं हाय. अळंबी तर हिनं बी खाल्ली, बघा कशी ठनठनीत हाय!"

मुबारकबी आतून डबा घेऊन आली. डबा कधी रिकामा परत जात नसे. आज त्यात शेवयाची खीर होती. "वैनी सकाळी आल्त्या, पन ह्यांचं ऐकून घाबरूनच गेल्या बिचाऱ्या. लई माया त्यांची. दर सोमवारी यिऊन इचारत्यात, 'समद्यांचं बरं हाय ना?' माझी सख्खी बहीन बी इतकं इचारत न्हाई."

श्रीमंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं, तर एवढ्या वर्षांची दोस्ती आत्ता, याच बाजेपाशी संपणार. न सांगावं, तर आपणही गोजरबाईच्याच पंगतीला. त्यांनी तोंड उघडलं.

"येत्या रविवारी जायचं ना?" नूरुद्दीननंच विचारलं. "तुमी वेचलेलं म्हनल्यावर मी डोळं झाकून खातो बगा."

"बघू," श्रीमंतराव म्हणाले, आणि डबा घेऊन घरी आले.

गोजरबाईनं डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि उभ्या उभ्याच चमचाभर खीर तोंडात टाकली. "काय बी म्हना, मुबारकबीच्या हाताला चव हाय."

दुसरा चमचा खाऊन झाल्यावर तिला आठवण झाली. "आन् नूरभाई कसं हायत?"