माझे छत्तिसावे पान

मी एक जुना पासपोर्ट आहे, मित्रांनो. माझा वरचा कोपरा कातरलेला आहे. मुदत संपली की आम्हा पासपोर्टांचा कोपरा असाच कातरतात, म्हणजे आमच्या जोरावर पुन्हा कुणी प्रवास करू नये. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. तो दोष माझा की मला घडवणाऱ्यांचा, हे सगळे ऐकून तुम्हीच ठरवा.

मला शिवले तेव्हा दोरा असा घातला की एक पान जरी काढले तरी लगेच कळावे. माझ्या कागदात उजेडाला धरल्यावरच दिसतील अशी चित्रे दडवली. प्रत्येक पानावर आकडा छापला, एक ते छत्तीस, आणि पहिल्याच पानावर बजावले की या पुस्तिकेत छत्तीस पाने आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग माझ्यात एका तरुणाचा फोटो बसवला. हसायचे नाही असे त्याला सांगितले होते. तो इतका गंभीर दिसत होता, की त्याची आईच म्हणाली, हा कुठला चोर पकडून आणलाय? तो चोर नव्हता. चष्म्याची भिंगे घासणारा कारागीर होता आणि कामासाठी परक्या देशात निघाला होता. वर्षभराने त्याची बायकोही तिथे आली. पुढे त्यांना मुलगी झाली.

माझी उमेदीची वर्षे विमानतळावरच्या तपासणीच्या खिडक्यांवर गेली. प्रत्येक खिडकीतला माणूस आधी मला पाही, मग कारागिराला, मग पुन्हा मला. कुणी मला दिव्याखाली धरी, कुणी नखाने फोटोची कड खरवडून बघे. तुमच्याकडे कुणी असे वर्षानुवर्षे बघितले तर तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल. घरी मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात राहत असे. तिथेही मला चैन नसे. मला ओल्या हातांचा संशय येई, मुंग्यांचा येई, आणि मुलगी मोठी होऊ लागली तसा सर्वांत जास्त तिचा येई. तिच्याजवळ कातर असे आणि डिंकाची बाटली असे. आज ना उद्या ही मला कातरून कुठल्यातरी वहीत चिकटवणार, असे मी धरूनच चाललो होतो.

ती तान्ही असतानाची गोष्ट. कारागिराचे वडील वारले आणि तो एकटाच गावी गेला. एकोणीस दिवसांनी परतला तेव्हा त्याचे डोके ठिकाणावर नव्हते. खिडकीतल्या माणसाने मला मागल्या बाजूने उघडले आणि सर्वांत शेवटच्या पानावर, छत्तिसाव्यावर, आत आल्याचा शिक्का मारला. कारागिराने पाहिलेही नाही. मी पाहिले. पण मला बोलता कुठे येते?

पुढे माझी मुदत संपली, नवा पासपोर्ट आला आणि माझा कोपरा गेला. कारागिराने मात्र मला टाकले नाही. त्याने मला तपकिरी कागदाचे कव्हर घातले. माझे शेवटचे पान दोऱ्यातून सुटू पाहत होते. ते हरवू नये म्हणून त्याने ते कव्हरच्या दुमडीला डिंकाने चिकटवून टाकले. भिंगे घासणाऱ्याचा हात तो. जोड कुठे आहे ते कळू नये, इतके सफाईदार काम. बायको म्हणाली, जपावं तर यांनी. मलाही तेव्हा धन्य वाटले.

त्यानंतर तीन वर्षे मी डब्यात पडून होतो. एके दिवशी डबा उघडला तो घाईने. कारागिराचा कारखाना तीन महिन्यांत बंद होणार होता. त्याचा तिथे राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तिघांनी देश सोडायचा. वाट एकच होती, कायम राहण्याचा अर्ज. त्यासाठी सलग दहा वर्षे तिथे राहिल्याचा पुरावा हवा होता आणि मधे सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेले चालत नव्हते.

कचेरीतल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढून माझे एकेक पान उलटले. मोजके बोलणाऱ्या बाई. त्यांनी पेन्सिलीने दोन शिक्के दाखवले. दोन्ही देशाबाहेर गेल्याचे, चौदा महिन्यांच्या अंतराने.

"मधे तुम्ही आत कधी आलात?" त्यांनी विचारले.

"एकोणीस दिवसांनी आलो."

"शिक्का कुठे आहे?"

कारागीर मला चाळत राहिला. एवढ्या जवळून तो मला चाळत होता आणि पुन्हा पुन्हा पस्तिसाव्या पानाशी येऊन थांबत होता. तेव्हाचा कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि त्याच्या मालकांचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता. बायकोची साक्ष चालत नाही, असे बाईंनी सांगितले. दहा दिवसांत पुरावा आणा, नाहीतर दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजू, असेही सांगितले.

ते दिवस घरात कसे गेले ते मी डब्यातून ऐकले. आधी दोघांचा संशय कचेरीवर होता. मग तो घरात शिरला. बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "खरं सांगा, शिक्का मारून घेतलात ना? की तसेच सरळ बाहेर आलात? तुमचं काय, तेव्हा एका पायात एक चप्पल न् दुसऱ्यात भलतीच घालून घरी आला होतात."

एरवी तो हसला असता. या वेळी त्याने ताट सरकवले. मारून घेतला असेलच असे आता त्यालाही छातीठोकपणे सांगता येईना.

चौथ्या दिवशी मुलीने डबा उघडला. आता ती अकरा वर्षांची होती. तिने मला बाहेर काढले आणि माझी भीतीने गाळण उडाली. पण तिच्या हातात कातर नव्हती. तिने माझे पहिले पान वाचले, मग शाळेची पुस्तके मोजावीत तशी माझी पाने मोजली. शेवटी दुमडीवरून बोट फिरवले.

"बाबा, छत्तीस म्हटलंय. इथे पस्तीसच आहेत."

कारागिराने कामाचे भिंग डोळ्याला लावले आणि कागद उजेडाला धरला. आत निळसर काहीतरी दिसले. त्याने ओला कापूस आणि पातळ पाते घेतले, तेवढ्यात मुलगी मधे आली.

"घरी नको उघडू. कचेरीतल्या बाई म्हणतील, तूच आत्ता मारलास शिक्का."

बायकोने मुलीला जवळ ओढले. मग नवऱ्याला म्हणाली, "ठेवा ते पातं. या घरात कुणालातरी डोकं आहे."

मित्रांनो, मी आयुष्यभर संशय घेतला, पण असा शहाणा संशय मला कधी सुचला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी तसाच, चिकटलेला, कचेरीत गेलो. बाईंनी ऐकून घेतले. कारागिराने सवयीने हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, तुम्ही मागे बसा. त्यांनी आपल्या साहेबांना साक्षीला बोलावले, कापूस भिजवला आणि कागद कापायच्या पट्टीने स्वतःच डिंक सोडवू लागल्या. बराच वेळ लागला. कारागिराने डिंक चांगला लावला होता ना. बायकोने मुलीचा हात इतका घट्ट धरला होता की मुलगी हळूच म्हणाली, आई, दुखतंय.

पान सुटले. थोडे सोलवटले, पण तारीख शाबूत होती. बाईंनी कागदावर दिवस मोजले. एकोणीस.

"हे कुणी चिकटवलं?"

"मीच," कारागीर म्हणाला. "हरवू नये म्हणून."

बाईंनी चष्मा काढला. त्या हसल्या असाव्यात, असा मला संशय आहे. "तुमच्या भल्याचं सांगते," त्या म्हणाल्या, "इतकं जपत जाऊ नका."

पाच आठवड्यांनी, कारखाना बंद होण्याआधी, पत्र आले. तिघांना कायम राहण्याची परवानगी मिळाली होती.

मी पुन्हा डब्यात आलो आहे. अंगावर कव्हर नाही, छत्तिसावे पान जरा फाटके आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या कागदांना कोरड्या जागी ठेवा, मुंग्यांपासून राखा. पण आम्हाला उघडता येईल असे ठेवा. आणि एखाद्याच्या हिशेबात काही कमी दिसले, तर त्याला खोटा म्हणण्याआधी त्याची सगळी पाने मोजून बघा. मी ज्यांच्यावर डोळे वटारून होतो, त्या मुलीने आणि त्या बाईंनीच मला सोडवले. माझे तोंड बंद केले होते ते माझ्यावर सर्वांत जास्त माया करणाऱ्याने.

परवा कारागीर ते परवानगीचे पत्र घेऊन बसला होता. बरोबर तपकिरी कागद होता. मुलगी आली. टेबलावरची डिंकाची बाटली उचलून तिने आपल्या दप्तरात टाकली आणि ती शाळेला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिच्या हातात डिंक बघून मला बरे वाटले.