फिरलेला सूर

"रे काहून सोडायचा?" ताराचंदने विचारलं. कीबोर्डवर जायला निघालेलं त्याचं बोट मधेच थांबलं होतं.

"सा अन् रे एकदम वाजवले तं भांडतेत, काका," दीप्ती म्हणाली. "एक धरा, एक सोडा, एक घ्या. सा, ग, प. झाला कॉर्ड. आता तुमची चाल म्हणा. तुम्ही सा वर असाल तवा मी ग वर राहीन. तुम्ही ग वर आले की मी प वर."

दीप्ती गल्लीतलीच, शाळेत संगीत शिकवायची. ताराचंदने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लष्करीबागेतल्या बुद्धविहाराचं गायन मंडळ तो तीस वर्षं चालवत होता. जन्मभर नोकरी केली ती पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्याची आणि बंद करण्याची, पण वस्तीत त्याला सगळे ओळखत ते गाण्यामुळे. यंदा स्पर्धेत बाकीची मंडळं दोन-तीन सुरांत गाणार होती, आणि ते कसं जमवतात हे एकसष्टाव्या वर्षीही त्याला ठाऊक नव्हतं.

तो गाऊ लागला. वंदनेचं गाणं, त्याचीच चाल. दीप्तीचा आवाज वरून आला आणि त्याच्या आवाजाला लागून चालू लागला. चाल मध्यमावर गेली तशी ती अलगद धैवतावर सरकली. ताराचंदने गाणं मधेच थांबवलं.

"चुकलं का काही, काका?"

"नाही," तो म्हणाला. "चुकलं नाही."

हेच गाणं, हाच वरचा सूर त्याने बारा वर्षांपूर्वी ऐकला होता. मंडळात अंजनाबाई होत्या, शाळेत खिचडी शिजवायच्या. त्या सगळ्यांबरोबर सुरुवात करायच्या आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा सूर भलतीकडे जायचा. निदान ताराचंदला तसं वाटायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, वीस माणसांसमोर, तो म्हणाला होता, "बाई, तुमचा सूर फिरून राहिला. उद्या नुसते ओठ हलवा."

"मले तं असंच आयकू येते, भाऊ," अंजनाबाई म्हणाल्या होत्या. कोणी तरी हसलं. ताराचंदही हसला होता. त्या दुसऱ्या दिवशी आल्या, ओठ हलवले, आणि नंतर कधी आल्या नाहीत.

दीप्ती गेल्यावर ताराचंदने मोबाइलवर त्या वर्षीच्या सरावाची चित्रफीत शोधली. अंजनाबाईंचा आवाज मागून येत होता. तो एकेक सूर कीबोर्डवर तपासत गेला. ग. प. मध्यम येताच धैवत. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता. त्या बाईला कोणी कॉर्ड शिकवला नव्हता. त्याचे कान तापले. घरात कोणी नव्हतं, तरी त्याने घाईने मोबाइल बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडे गेला. अंजनाबाई अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होत्या.

"जय भीम, भाऊ. आज इकडं कसं काय?"

वाटेत जुळवलेली वाक्यं तो सगळी विसरला. "तुम्ही बरोबर होत्या, बाई," तो म्हणाला. "तो सूर. मलेच समजत नव्हता."

अंजनाबाईंना कोणता सूर ते विचारावं लागलं नाही. त्यांनी आणखी चार मिरच्या उलटल्या.

"नात झाली तवा सुनेले म्हटलं, पाळणा तूच म्हण वं माय, माहा सूर फिरते," त्या म्हणाल्या. "घरातबी गाणं नाही म्हटलं मंग कोणतं."

ताराचंदला खाली बसावंसं वाटलं, पण बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

"मले माफ करा."

"तवा सगळ्याइसमोर बोलले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता मले एकटीले काहून सांगून राहिले?"

रविवारी मंडळ जमलं. ताराचंदने बोलावलं म्हणून अंजनाबाईही आल्या, मागे भिंतीला टेकून बसल्या. ताराचंद उभा राहिला. जे झालं ते त्याने सांगितलं, आपण हसलो होतो तेही सांगितलं. पुढे बसलेल्या मोहितला वाटलं, भाऊ गंमत करताहेत. तो हसला आणि एकदम थांबला.

"दुसरा सूर अंजनाबाई म्हणतील," ताराचंद म्हणाला.

त्या उठल्या. गाणं सुरू झालं. पहिली ओळ त्यांनी बारीक आवाजात, पण नेमकी म्हटली. बायका वळून पाहू लागल्या. चाल वर चढली तसा धैवताच्या अलीकडेच त्यांचा आवाज फाटला. त्यांनी खाकरून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फाटला.

"पट्टी खाली घेतो," ताराचंद घाईघाईने म्हणाला.

"राहू द्या. बारा वर्षांचा गंज आहे, भाऊ. तो पट्टीनं नाही निघत."

त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारच्या काजलला जवळ बोलावलं. कानाशी वाकून तो सूर गुणगुणून दाखवला, एकदा, दोनदा, काजलला लागेपर्यंत. मग म्हणाल्या, "हं, वाजवा."

ताराचंदने कीबोर्डवर बोटं ठेवली. पट्ट्या नीट दिसत नव्हत्या, पण मान वर करायची त्याची छाती झाली नाही.