दप्तरी दाखल

आमच्या मंडळात निनावी पत्रांची दखल घेत नाहीत. जुना शिरस्ता आहे. खाली सही नसेल तर वर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारायचा, पत्र फाइलला लावायचं आणि विसरून जायचं. रावपुऱ्यातल्या या क्रीडामंडळाचा मी एकोणीस वर्षं मानद चिटणीस आहे. असे शेरे किती मारले, देव जाणे. आता वीट आलाय.

मेमध्ये आम्ही मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी विक्रमसिंह नावाचे कोच नेमले. आधीच्या क्लबला त्यांनी दोन ढाली मिळवून दिल्या होत्या. मग तो क्लब का सोडला, हे मी विचारलं नाही. आमचे अध्यक्ष बळवंतराव यांनी आणलेला माणूस, त्याची उलटतपासणी कोण घेणार? जूनमध्ये त्यांच्या जुन्या गावाहून पत्र आलं. ‘हा माणूस मुलींना एकेकटीला खोलीवर बोलावतो. तुमच्या मुलींना सांभाळा.’ सही नव्हती. मी शेरा मारला.

काल मोहनाताई ऑफिसात आल्या. त्यांची चौदा वर्षांची अवनी आमच्या संघात खेळते. पाण्याला हात न लावता त्यांनी विक्रमसिंहांबद्दल सगळं सांगितलं. ऐकताना मला त्यांच्याकडे बघवेना. मी कोरा कागद पुढे केला.

“लिहिते, काका. पण सही नाही करणार. नाव फुटलं तर पोरीला शाळेत जाणं मुश्कील होईल.”

जूनचं ते पत्र लिहिणाऱ्यानेही हाच विचार केला असणार. मला स्वतःची शरम वाटली.

त्यांच्यासमोरच बळवंतरावांना फोन लावला. ते नेहमीच्या गुजराती-मिश्रित मराठीत म्हणाले, “सही नथी ने? मग जवा दे ने, शरद! लाव फाइलला. कोणी विचारलंच, तर आपल्याला काही ठाऊक नव्हतं.”

मी फोन ठेवला आणि पोलिसांसाठीची तक्रार स्वतःच्या नावाने लिहिली. जूनमध्ये पत्र आलं होतं आणि मी ते दाबलं, हेही लिहिलं. खाली सही करून कागद मोहनाताईंपुढे ठेवला. चिटणीसपद जाणार होतं, जाऊ दे.

मोहनाताई कागद वाचता वाचता थांबल्या.

“पत्र जूनमध्ये आलं होतं?”

“हो.”

“अवनीला मी जुलैत घेऊन आले, काका. फॉर्म तुम्हीच भरून घेतलात. कोच कसे आहेत, असं मी विचारलं होतं तुम्हाला.”

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, निर्धास्त राहा.