पापाकुरातला जर्मन टोप

मी एक जुना टोप आहे. जर्मन आहे, पण मराठी बोलतो, कारण मला घासते ती आशालता पुण्याची. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट असते आणि शनिवारी न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या चर्चमागच्या हॉलमध्ये सूप वाढायला येते. मला घासताना तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो. ऐकून ऐकून मीही शिकलो.

मित्रांनो, माझा जन्म जर्मनीतल्या एल्बरफेल्डचा. तिथल्या गरिबांच्या सूपघरात मला चुलीवर चढवलं. गरिबाला मदत मिळायची, नाही असं नाही. पण आधी गावातला एखादा सद्गृहस्थ त्याच्या घरी जाई, कपाट उघडून बघे, नवरा दारू पितो का ते विचारी. लायक ठरलात तर सूप! कितीतरी बायका त्या चौकशीच्या धसक्यानं माझ्या वाफेपर्यंत येऊन तशाच परत गेल्या. पहिल्या महायुद्धात माझ्यात नुसते सलगम शिजले, तरी लोक माझी वाहवा करत. मग नाझी आले. शेजारच्या गल्लीतली शिंपीण वर्षानुवर्षं सूप न्यायला येई. ज्यू म्हणून तिला दारातूनच हाकललं. माझ्यात सूप होतं हो, काठोकाठ होतं! आठवलं की अजून माझा जळफळाट होतो.

दुसऱ्या युद्धानंतर गेर्टा नावाच्या स्वयंपाकिणीनं मला बोटीतून न्यूझीलंडला आणलं. आम्ही निघून आल्यावर तिकडे कायदा झाला, की गरजूला मदत हा त्याचा हक्क आहे. ती बातमी कळली तेव्हा गेर्टा रडली. ती गेल्यावर मी कुणाच्यातरी गॅरेजमध्ये पडून होतो, आत रंगाचे डबे. आणि १९९१ साली इथल्या सरकारनं बेकार-गरिबांचे भत्ते कापले, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. काम मिळालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर बोचरा वारा, रांग पार गेटापर्यंत. दारात रेवा बसली होती, इथल्या मूळच्या माओरी लोकांतली. मनानं चांगली, पण कमिटीनं सांगितलंय म्हणून प्रत्येकाला माओरीत नमस्कार करून विचारायची, "किया ओरा! काम आहे का? भत्ता मिळतो का?" कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस पुढे आला. प्रश्न ऐकून तो स्वतःशीच 'अरे देवा' असं पुटपुटला.

तेवढ्यात आशालता धावली. "अय्या, मराठी ना तुम्ही? मदतीला आलात? बरं झालं बाई! रेवा, हा आपला नवा व्हॉलंटिअर!" आणि तिनं त्याला अ‍ॅप्रनच बांधला.

तो शंतनू. मुंबईचा डॉक्टर. इथे त्याची डिग्री चालेना, दुसरं काम मिळेना, आणि घरी बायको कौमुदी नुसत्या चहावर होती. तो जेवायला आला होता हो! पण आपल्या माणसासमोर हे कसं सांगणार?

"हो... मदतीलाच आलोय," तो म्हणाला.

त्यानं पळी धरली आणि मला कळलं. इतक्या वर्षांत भुकेला हात मी ओळखायला शिकलोय. पळी तो थेंबन् थेंब निथळून घेत होता, तरी तळापर्यंत ढवळून लोकांना दाटच वाढत होता. सूप अर्ध्यावर आलं. रांग संपेना. अरे बाबा, एक वाटी बाजूला काढ, मी आतल्या आत ओरडत होतो. पण टोपाचं ऐकतो कोण? तळ दिसू लागला. शेवटी त्या थंडीत जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून एक म्हातारा आला. शंतनूनं मला खरवडून होतं नव्हतं ते त्याला दिलं आणि ओट्याला धरून उभा राहिला.

"तुला काही खायला?" रेवानं विचारलं.

"नो थँक्स."

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून ती गेली. इथे नको म्हणजे नको. माझा धीर सुटला.

मग आशालतानं आपला डबा उघडला. "बसा, जेवून घ्या."

"नको ताई, घरून जेवूनच निघालो."

"थोडंसं तरी?"

"खरंच पोट भरलंय."

पण आग्रहात हार मानेल ती आशालता कसली! तिनं पोळीत भाजी गुंडाळून त्याच्या हातात कोंबली. "माझ्या गळ्याची शपथ. पहिल्यांदा आलात, उपाशी पाठवू?"

त्यानं घास घेतला, चावायच्या आधीच गिळला. दुसरा घेतला आणि थांबला. उरलेली पोळी कागदात गुंडाळत खाली बघून म्हणाला, "ही घरी नेली तर चालेल? कौमुदीला."

आशालता पांढरीफटक पडली. "अगं बाई! आणि मी तुम्हाला वाढायला उभं केलं?" तिचे डोळे भरून आले. सगळा डबा तिनं त्याच्यापुढे सरकवला. "हा तुम्ही संपवायचा. मग कौमुदीला घेऊन तडक आमच्याकडे. मी वरणभात लावते."

"नको, उगाच—"

"ऐकू आलं नाही मला," ती म्हणाली.

त्या दिवशी मला घासायचं राहूनच गेलं. मी खरकटाच ओट्यावर पडून राहिलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, दारात आलेल्याला तो कशामुळे भुकेला आहे, हे विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा. आणि तो हो म्हणाला, तरी पुन्हा एकदा विचारा.