सिमेंटखालची पोकळी

मी एक जुने, घराहून तिप्पट उंच झालेले निलगिरीचे झाड आहे आणि, मित्रांनो, मी फार भित्रे आहे. कुऱ्हाडीला मी भीत नाही. वादळालाही नाही; वाऱ्यापुढे वाकायचे कसे, हे मला ठाऊक आहे. मला भीती वाटते ती वारा पडलेल्या कडक दुपारची आणि माझ्या स्वतःच्या फांद्यांची. का, ते सांगते.

या घराचा मालक गवंडी आहे. घराचा पाया भरला त्याच आठवड्यात त्याने मला रंगाच्या रिकाम्या डब्यातून आणले आणि फाटकाजवळ, कुंपणाच्या भिंतीला लागून लावले. विटा भिजवून उरलेले पाणी मला मिळायचे. मी अशी भराभर वाढले, की शेजारच्या काकू म्हणायच्या, "हे झाड पाणी पितं की ढोसतं?" माझी साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटून बागेत पडे, म्हणून गवंड्याची बायको झाडताना मला बोल लावी. पण घरात कुणाला सर्दी झाली, की माझीच पाने उकळत्या पाण्यात पडत. ताकापुरती आजीबाई, दुसरे काय! तरी मला बरे वाटायचे.

त्यांची मुलगी पिटुकली धावायला लागली, तेव्हा गवंड्याने माझ्या सर्वांत जाड, आडव्या फांदीला झोका बांधला. पुढच्याच वर्षी वादळात त्या फांदीशेजारची दुसरी फांदी तुटली आणि खोडाला खोल भोक पडले. गवंडीच तो! भोक दिसले की त्याचे हात शिवशिवायचे. कुंपणाच्या भिंतीवर चढून त्याने ते सिमेंटने बुजवले, थापीने गुळगुळीत केले, वर सालीच्या रंगाचा हात मारला.

"बघ, कळतं का कुठं होतं ते?" त्याने बायकोला विचारले.

"छे! अगदी नवं झालं," ती म्हणाली.

कळत नव्हते, हेच वाईट झाले. लाकूड फुगते, आकसते. सिमेंट जागचे हलत नाही. कडेच्या बारीक फटीतून पाणी आत शिरले ते आतच राहिले. मी कुजू लागले, आणि ती कूज हळूहळू झोक्याच्या फांदीत पोचली.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. झोका वर गेला, की माझ्या आत काहीतरी करकरे. पिटुकली ओरडे, "अजून उंच!" आणि माझे पान न् पान थरथरे. लोकांना वाटे, वारा सुटला.

एकदा विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला एक माणूस आला. त्याने कोयत्याच्या मुठीने मला टकटक केले आणि कान लावला.

"मालक, ही झोक्याची फांदी उतरवा. आतून पोकळ वाजतेय."

"पोकळ कशी असेल? मी स्वतः बुजवलंय," गवंडी म्हणाला. "एक वेळ घर पडेल, पण माझ्या हातचं काम हलायचं नाही."

पिटुकलीने धावत येऊन मला मिठी मारली. "बाबा, माझं झाड तोडायचं नाही!"

झाले, गवंडी विरघळला. छाटणारा मान हलवत निघून गेला. मी मनातल्या मनात आक्रोश करत होते, तोडा रे, तोडा! पण झाडाला तोंड कुठे असते?

मग ती दुपार आली. उन्हाने सगळे चिडीचूप झाले होते. गवंडी जेवून पायरीवर टेकला होता आणि पिटुकली झोक्यावर होती.

"बाबा, झाडातून पीठ गळतंय!"

गवंडी आळसावत भिंतीवर चढला. सिमेंटला केसाएवढा तडा गेला होता आणि त्यातून मुंग्या लाकडाचा भुगा बाहेर टाकत होत्या. दुसऱ्या कुणाला ती नुसती रेघ दिसली असती. पण प्लास्टरला तडा गेला म्हणजे आतले हलले, हे त्याला कुणी शिकवायला नको होते. रोज भिंतीवर वाजवतो तशी त्याने बोटांनी माझ्या फांदीवर टिचकी मारली. ढप्प! त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"पिटुकले, उतर."

"एकच झोका, बाबा..."

"उतर म्हणतो ना!"

त्याने खाली उडी घेतली, तिला झोक्यावरून ओढले आणि पायरीकडे पळत सुटला. मी होते नव्हते तेवढे बळ लावून फांदी धरून ठेवली. ते पायरीवर पोचले आणि माझा धीर सुटला. एक पानही हलत नसताना ती फांदी कडाडून खाली आली. झोक्याच्या फळीचे दोन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने छिन्नीने सगळे सिमेंट स्वतः काढले. "चूक माझी, आणि शिक्षा तुला," तो माझ्यापाशी पुटपुटला. छाटणाऱ्याने माझ्या धोक्याच्या फांद्या उतरवल्या. त्याचे मला काही वाटले नाही. पिटुकली मात्र मला वळसा घालून, फाटकाच्या पार पलीकडच्या खांबाला अंग घासत बाहेर जाऊ लागली. ते फार लागले.

दोन महिन्यांनी ती दबकत जवळ आली. बाबाने शिकवले तसे तिने बोटांनी टकटक केले आणि कान लावला. "भरीव आहे," ती हळूच म्हणाली आणि मला टेकून बसली.

आता ती रोज आधी टकटक करते, मग बसते. ते बोट टेकेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल त्याची जखम रंगवून झाकू नका. कान लावून ऐका. आणि एखाद्या दुपारी माझा आवाज पोकळ आला, तर पिटुकली पुन्हा मला मिठी मारेल. तेव्हा तिचे ऐकू नका. आधी तिचे हात सोडवा आणि तिला लांब न्या.