सेहेचाळीस टक्के

माझी आई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पीएचडीवाल्यांनी प्रबंधात कुणाचं काही चोरलंय का, हे कॉम्प्युटरवर तपासायचं काम तिचं. आज तिचाच प्रबंध तपासायचा होता, म्हणून मी शाळा सुटल्यावर थेट तिकडेच धावले. स्वतःचा स्वतः तपासायचा नाही असा नियम, त्यामुळे खुर्चीत तिच्याबरोबर काम करणारे प्रभुलिंगकाका बसले होते.

पडद्यावर आकडा आला. सेहेचाळीस टक्के! दहाच्या वर गेलं की प्रबंध परत.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी एक ओळ उचललेली न्हाय, प्रभुलिंग."

"सगळी असंच म्हणत्यात की, ताई," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सात वर्षं लिहीत होती ती! "काका, कुठनं घेतलंय म्हणतोय ते बघा की!" मी ओरडलेच.

त्यांनी बटण दाबलं. नाव आलं, शिवगंगा हिरेमठ. म्हणजे आईच!

आई मटकन बसली. जानेवारीत पीएचडीच्या पोरांना तपासणी शिकवताना तिनं नमुना म्हणून आपलीच प्रकरणं टाकली होती, आणि 'साठवू नका'वर खूण करायची राहून गेली होती. म्हणून ती प्रकरणं कॉम्प्युटरात साठून राहिली आणि आज त्यांच्याशीच तिचा प्रबंध जुळला.

"मग सुटलीस की!" मी म्हणाले.

"सुटले कसली? आता समितीला सांगायला पायजे. ती खूण विसरू नका म्हणून पोरांना मीच दटावते."

आम्ही समितीकडं जायला जिना चढायला लागलो. मी तिचा हात धरला. "विश्वास ठेवतील न्हवं गं?" तिनं मला विचारलं.

"ठेवतील की!" मी मोठ्यानं म्हणाले आणि तिला ओढत वरची पायरी चढले.