मशेरीचा रकाना

सरस्वतीची हनुवटी धरून विनोदिनी नर्सने तिचं तोंड रांगेकडे फिरवलं.

"बघा गे, ह्या दातांनी ही आई होणार!"

आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या गरोदर बाया खिदळल्या. सगळ्यांत मोठ्याने लक्ष्मी हसली, आपले दात पदराआड झाकून.

सरस्वती सावंतवाडीकडून खाणीवर कामाला आलेली. पहिलं मूल मुठीएवढं झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. म्हणून तर ती आपणहून नर्सच्या कानाशी लागली होती.

"बाई, दिसाक चार फावटी मशेरी लावतंय. सोडूक जमना नाय. ह्या पोराक काय जायत काय?"

सोडायची कशी, हे विनोदिनीला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवलं होतं ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. येत नसलेल्या उत्तराची लाज माणूस ओरडून झाकतो. तिनेही तेच केलं.

पुढच्या महिन्यात मशेरीच्या रकान्यात ओळीने 'नाही' लागलं. काळ्याठिक्कर हिरड्यांच्या बायाही "नाय, बाई" म्हणत आणि खाली बघत. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी रकान्यावरून बोट फिरवलं.

"शाब्बास! गाव सुधारला तुमचा."

विनोदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सरस्वती त्या दिवशी आलीच नव्हती.

डॉक्टरांची जीप वळली, तशी वही काखोटीला मारून विनोदिनी खाणीच्या रस्त्याला लागली.

सरस्वतीच्या खोपीत चौघी बसल्या होत्या. मधोमध तीच हसणारी लक्ष्मी, मांडीवर सगळ्यांच्या मशेरीच्या डब्या घेऊन. भिंतीवर कोळशाच्या रेघा, रोज जितक्या वेळा मशेरी लावली तितक्या. सरस्वतीच्या आधी चार, मग तीन, पुन्हा तीन, काल दोन.

"रडलंस तरी तिसऱ्या फावटीक देवचंय नाय," लक्ष्मी दरडावत होती. "पोर व्हया मां तुका?"

दारात सावली पडली, तशा डब्या पदराखाली गेल्या. चौघी उभ्या राहिल्या.

"आमी कोण लावणव नाय, बाई," सरस्वती म्हणाली आणि पाठीने रेघा झाकू लागली.

विनोदिनी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी बसू गे?"

लक्ष्मीने पायानेच पाट पुढे सरकवला.

"बसा. पण ती वही भायर ठेवन येवा."

विनोदिनी वळली. पायरीवर ट्रकांनी उडवलेली लाल माती बोटभर साचली होती. तिने वही त्या मातीत पालथी ठेवली आणि चपला काढल्या.